एका माशामागे एक उपवास

सकाळी उठले की मी आधी काचेच्या टाकीकडे बघते, चहाचं नंतर. त्या दिवशी बघितलं तर पिवळ्या शेपटीचा गप्पी पोट वर करून तरंगत होता. मला वाईट वाटलं, नाही असं नाही, पण वाईट वाटत बसायला वेळ नव्हता. बाई आतल्या खोलीत सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसल्या होत्या. डोळे उघडून त्या बाहेर यायच्या आत मला तो मासा टाकीतून गायब करायचा होता. जाळी कुठे सापडेना. शेवटी चहाची गाळणी घेतली, हात टाकीत घातला, आणि मागून आवाज आला.

"गेला का गं?"

झालं. बाईंचा आजचा उपवास ठरला.

बाई म्हणजे माझ्या सासूबाई, राजकुंवरबाई. मेहरूणला तलावाजवळ आमचं घर आहे आणि घरातले सगळे त्यांना बाईच म्हणतात. टाकीतला एक मासा मेला की त्या एक उपवास करायच्या. उपवास म्हणजे माझ्या माहेरी सोनगीरला एकादशीला करतात तसला नव्हे, की साबुदाण्याची खिचडी, वर केळी आणि संध्याकाळी भगर. हा जैनांचा उपवास. दिवसभर फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य मावळेपर्यंत. त्यात बाईंना साखरेचा आजार. डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं होतं की उपाशी राहू नका. आदल्याच आठवड्यात त्या जैन स्थानकात, प्रवचनाला गेल्या असताना, चक्कर येऊन पडल्या होत्या. शेजारच्या बायकांनी धरलं म्हणून डोकं वाचलं.

मी ओरडले, "बाई, मासा मेला, माणूस नाही!"

"जीव तर होता ना," असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि पुटपुटत दिवसभराचं पच्चक्खाण घेतलं. एकदा तो नेम घेतला की जगातली कुठलीही ताकद त्यांच्या तोंडात घास घालू शकत नाही. मी गाळणी मोरीत आपटली. राग कोणावर काढायचा तेच कळेना. मेलेल्या माशावर काढून उपयोग नव्हता.

खरं म्हणजे हे मासे आमच्या दारात आले ते हिंसा करायलाच. डेंग्यूची साथ होती तेव्हा हिवतापवाले गल्लीत फिरून घरोघरी गप्पी मासे वाटत होते. पाण्याच्या टाकीत सोडा, डासांच्या अळ्या खातात. बाईंनी दारातच विचारलं, "जिवंत अळ्या?" तो माणूस बिचारा अभिमानाने म्हणाला, "हो बाई, एकही सोडत नाहीत." बाईंनी दार लावून घ्यायला घेतलं. तेवढ्यात माझ्या मुलीने, आयुषीने, ती पिशवी त्याच्या हातून घेतली आणि काचेची टाकी आणून मासे हॉलमध्ये ठेवले. बाईंची अट एकच होती, की या घरात राहायचं तर शाकाहारी राहायचं. तेव्हापासून आमचे गप्पी भाजलेला रवा आणि उकडलेल्या मुगाचा चुरा खातात. तेही सूर्यास्ताच्या आत, घरातल्या सगळ्यांसारखे.

सासरे गेले आणि बाई फार गप्प झाल्या. मग एक दिवस त्या टाकीसमोर पाट टाकून माशांशी मारवाडीत बोलताना दिसल्या. आज भाजीवाला आला नाही, मुनीमजींच्या सुनेला मुलगी झाली, असल्या गोष्टी. मी माझ्या नवऱ्याला, अर्पितला, खुणेने दाखवलं. तो दुकानात जायला निघाला होता, दारातच थांबून आईकडे बघत राहिला. त्या दिवसापासून ती टाकी आयुषीची राहिली नाही, बाईंची झाली.

आयुषी पुण्याला शिकायला गेली, पाठोपाठ चातुर्मास लागला, आणि मासे आजारी पडले.

आधी ते सगळे वर येऊन पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून उघड-मीट करायला लागले. मग काही तळाशी जाऊन पंख अंगाला चिकटवून पडून राहायचे. अंगावर ठिपका नाही, शेपटी कुजलेली नाही, डोळे चांगले. आणि मधूनच एखादा मरायचा. पहिला मेला तेव्हा बाई म्हणाल्या, "कोंडून ठेवायला मीच हो म्हटलं होतं." आणि तिथून हे उपवास सुरू झाले. अर्पित म्हणाला, प्रायश्चित्त काय घ्यायचं ते निदान स्थानकातल्या महासतीजींना, साध्वींना तरी विचार. तर म्हणे, "त्या दयाळू आहेत. कमीच सांगतील."

मी शेतकऱ्याच्या घरातली. आमच्याकडे मासा म्हटलं की आधी तेल तापायचं. लग्न करून या घरात आले तेव्हा कांदा सोडला, लसूण सोडला, कांद्याशिवायची शेवभाजी गिळायला शिकले. पण माशाची नाडी बघायची वेळ येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. बाईंना जेवायला घालायचं तर मासे जगवायला हवेत, एवढंच मला कळत होतं. दुसरा मार्गच त्यांनी ठेवला नव्हता.

आयुषी व्हिडिओ कॉलवर डॉक्टर झाली. "मम्मी, कॅमेरा जवळ ने. मम्मी, हलवू नकोस." कधी पोटात गॅस म्हणाली, कधी बुरशी. बाजारातल्या दुकानदाराने मासे न बघताच निळं औषध दिलं. मी बाटली उघडते तोच बाईंनी विचारलं, "हे काय करतं?"

"जंतू मारतं."

"मारतं?"

बाटली कपाटात गेली. मिठाला परवानगी मिळाली, म्हणून मीठ घातलं. काही फरक पडला नाही. पाणी घाण म्हणावं तर पाणी बाईंच्या मनासारखं चकचकीत होतं, कारण ते त्या रोज बदलायच्या, जवळजवळ सगळं. आणि मी? मी दिवसातून कितीदा त्या टाकीसमोर जाऊन उभी राहायचे त्याला गणती नव्हती. पोळी तव्यावर टाकायची आणि बघून यायचं. फोन वाजला की फोनवर बोलत बघायचं. कोण तळाला गेलं, कोण वर आलं. दोन पोळ्या रोज करपायच्या.

त्यातली एक मादी फुगायला लागली होती. बाई तिला मोटी म्हणायच्या. मला वाटलं, आता हिला जलोदर झाला. आयुषीने फोनवर बघितलं आणि किंचाळली, "अगं मम्मी, ती गरोदर आहे! गप्पी अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात. वीस-तीस तरी असतील पोटात!"

बाई माझ्या मागेच उभ्या होत्या.

"किती म्हणाली?"

मी फोन बंद केला. पण त्यांनी ऐकलं होतं. त्या मोटीकडे बघत राहिल्या. ती एका कोपऱ्यात तळाशी धापा टाकत होती. बाईंच्या मनात कोणता हिशेब चालला आहे ते मला समजलं. ही मेली तर बाई महिनाभर उपाशी राहणार होत्या. जैनांमध्ये असे महिन्याचे उपवास करतात, पण धडधाकट माणसांनाही तो महिना कठीण जातो. बाई त्यातून उठल्या नसत्या.

धुळ्याला माझा भाऊ पंडित राहतो. त्याच्या ओळखीच्या मोतीलालचं माशांचं मोठं दुकान आहे. मी पंडितला फोन करून सांगितलं, येतेय. लोणच्याची प्लास्टिकची बरणी धुतली, टाकीतलंच पाणी अर्ध्यापर्यंत घेतलं, मोटीला आत सोडलं, झाकणाला भोकं पाडली आणि बस पकडली. बाईंनी दारात उभं राहून मोटीला नवकार मंत्र ऐकवला.

बसमध्ये जागा मिळाली ती सगळ्यात मागची. खड्डा आला की मी उडायचे, माझ्याबरोबर बरणी उडायची. पाणी डचमळून झाकणाच्या भोकांतून माझ्या साडीवर. दोन्ही हातांनी ती बरणी पोटाशी धरून मी एरंडोल गाठलं, पारोळा गाठलं. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "लोणचं शे का व माय?" मी म्हटलं, "मासा शे, आजी." ती जरा सरकून बसली. बरणीत डोकावायची मला हिंमत होत नव्हती. एवढ्या धक्क्यांनी ती मेलीच असणार, आणि आता बाईंना काय तोंड दाखवू? माझंच डोकं फिरलं होतं म्हणून आजारी बाळंतिणीला मागच्या सीटवर बसवून आणलं, असं मी स्वतःला बोलत होते.

मोतीलालने बरणी उजेडात धरली. गोल फिरवली. मग ही कशाला आणली, अशा नजरेने माझ्याकडे बघितलं.

"ताई, हाई कसाले लई उनी?"

"आजारी आहे ना."

"हाई ते ठणठणीत शे!"

मी बरणी हिसकावून घेतली. मोटी आत गरागरा फिरत होती. पंख पसरलेले, शेपटी ताठ. लग्नाला निघाल्यासारखी. तापाने फणफणलेलं पोर दवाखान्याच्या दारात खेळायला लागावं तसं झालं मला. पंडित हसून हसून बाकावर बसला. म्हणाला, "अक्का, तुले हवापालट पाहिजे व्हता, मासाले नई." मोतीलालने पाणी तपासलं, तेही चांगलं निघालं. म्हणाला, बठ्ठं बरोबर शे, घरी लई जा.

त्याच बसने, तसेच धक्के खात परत आले. मोटी घरी पोहोचली तेव्हाही ताजीतवानी. बाईंचा चेहरा असा खुलला, की माझे सगळे धक्के वसूल झाले. त्यांनी तिला स्वतःच्या हाताने टाकीत सोडलं. मी पाय धुऊन, चहा पिऊन परत येऊन बघते तर मोटी तळाशी. पंख अंगाला चिकटलेले. तोंडाची उघड-मीट.

मी तिथेच पाटावर बसले. रडू येत होतं आणि चीडही. मासा तोच, पाणी तेच. बरणीतलं पाणी याच टाकीतलं होतं. मग बरणीत काय होतं जे इथे नाही?

साडीचा ओला पदर हाताला लागला आणि मला कळलं. धक्के!

आमच्याकडे चातुर्मासात बाई कच्चं पाणी पीत नाहीत. उकळून, झाकून गार केलेलं पक्कं पाणी पितात. या चातुर्मासात त्यांना वाटलं, घरातल्या जिवांना एक नियम आणि माशांना दुसरा, असं कसं? म्हणून माशांनाही पक्कं पाणी सुरू झालं. पाणी उकळलं की त्यातली हवा निघून जाते, शाळेत शिकले होते मी. मासा ती हवाच घेतो. झाकून ठेवलेल्या पाण्यात ती परत शिरणार कुठून? त्यात हवेचे बुडबुडे सोडणारा पंप बंद होता, त्याची घरघर सामायिकात नको म्हणून. आणि बाई पाणी ओतायच्या ते काचेला तांब्या टेकवून, इतकं हळू की थेंबाचा आवाज होऊ नये. मी नवीन सून म्हणून आले तेव्हा मला शिकवलेली पहिली गोष्ट तीच. "हेमांगी, पाणी जयणेने, जपून ओतायचं. आदळलं की हवेतले जीव मरतात." जीव मरू नये म्हणून त्या जे जे करत होत्या, त्यानेच मासे गुदमरत होते.

मी पातेलं घेतलं आणि चहा निववतात तसं पाणी या भांड्यातून त्या भांड्यात खालीवर करत राहिले. मग ते टाकीत उंचावरून धाडधाड ओतलं. थोड्याच वेळात मोटी हलली, वर आली, फिरायला लागली. आनंदाने ओरडणार होते, पण तोंडावर हात दाबला. बाईंना हे सांगायचं कसं? ज्या पाण्यासाठी त्या पहाटे उठून गॅस पेटवतात त्याच पाण्याने मासे मारले, हे ऐकून त्या काय करतील?

म्हणून मी सांगितलं नाही. बाई स्थानकात गेल्या की पाणी खालीवर करायचं, फरशी पुसायची, आणि शहाण्यासारखं बसायचं. त्या आठवड्यात एकही मासा मेला नाही. बाई दोन्ही वेळ जेवल्या. म्हणाल्या, "बघ, रोज माळ ओढते त्याचा गुण." मी म्हटलं, हो बाई. पण माझा जीव टांगलेलाच. बाहेर कुठे जायची सोय राहिली नव्हती. दूध आणायला गेले तरी पळत यायचे.

आणि चतुर्दशीला व्हायचं तेच झालं. बाई स्थानकात गेल्याच नाहीत. गुडघा दुखत होता म्हणून घरीच माळ ओढायची ठरवली. सकाळी सगळं पाणी बदललं, हळूच, काचेला टेकवून. दुपारपर्यंत मोटी तळाला. बाई तिच्यासमोर पाट टाकून बसल्या, हलेनात. मी आत जाऊ, बाहेर येऊ, पातेलं उचलू, ठेवू. मोटीचं तोंड आता उघडून मिटायचंही विसरत होतं.

"उठा बाई!" माझा आवाज मलाच मोठा वाटला. "उठा, नाहीतर मरेल ती. तुमच्या पाण्यात हवाच नाही. रोज गुदमरतात ते!"

आणि मी ओतायला सुरुवात केली. उंचावरून. पाणी आदळत होतं, उडत होतं, बाईंच्या पांढऱ्या साडीवर पडत होतं. ओतता ओतता मी सगळं सांगून टाकलं. बरणी, बस, धक्के, उकळलेलं पाणी, चोरून केलेलं सगळं. बाई बघत राहिल्या. मोटी हळूहळू वर आली. तिच्याबरोबर बाकीचेही आले.

"म्हणजे मीच," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला कुठे माहीत होतं?"

"आजवरचे उपवास मी कोंडल्याचे केले. मारल्याचे वेगळे." त्या उठल्या. "एका जिवाला तीन तरी."

मेलेल्या माशांचे तीन-तीन.  मला त्यांची भीती वाटली, दया आली आणि इतका राग आला की हातातलं पातेलं मी जमिनीवर आदळलं.

"मग मीही करते. पाप करणारा, करवणारा आणि बरं म्हणणारा, तिघांना सारखंच, हे तुम्हीच शिकवलंत ना? पातेलं मी उतरवायचे, बादली मी आणायचे. तुमचे जितके तितके माझे. आत्तापासून."

"तुला नाही झेपायचं."

"तुम्हाला तरी कुठे झेपतंय?"

मी दुपारचं जेवले नाही. भूक मला अजिबात सोसत नाही हे त्यांना माहीत होतं. चार वाजताच माझं डोकं ठणकायला लागलं. त्या माळ ओढता ओढता बघत होत्या. संध्याकाळी अर्पित नेहमीसारखा सूर्यास्ताच्या आत जेवायला आला. कढी-खिचडी करून ठेवली होती, पण आम्ही दोघी दोन कोपऱ्यांत. मी त्याला सांगितलं. त्याने कढीकडे बघितलं, आईकडे बघितलं, हात धुतलेला होता तो परत पुसला.

"पाणी किती स्वच्छ दिसतं, असं मी रोज म्हणायचो," तो म्हणाला. "म्हणजे बरं म्हणणारा मीच."

तोही भिंतीला टेकून बसला. तेवढ्यात आयुषीचा फोन आला, मोटी कशी आहे विचारायला. कोणीच नीट बोलेना तेव्हा तिने खोदून खोदून काढलं. फोनवरच रडायला लागली. "टाकी मी आणली होती, बाई. मग मीपण आज मेसला जाणार नाही."

फोन ठेवला. घरात कुकर नाही, ताटं नाही, काही आवाज नाही. खिडकीतून तलावाकडचं आकाश लाल झालेलं दिसत होतं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग अर्पितकडे, मग बंद फोनकडे. या घरात सूर्य मावळेपर्यंत दुसरं कोणी उपाशी राहिलेलं त्यांनी आजवर चालवून घेतलं नव्हतं. भाजीवाला, कामवाली, कुरिअरवाला, सगळ्यांना त्या विचारायच्या.

"मासे जेवले का?" त्यांनी विचारलं.

 माशांचं आज कोणाच्याच लक्षात नव्हतं.

बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. भाजलेला रवा चिमटीने टाकीत सोडला. मग तांब्या भरला. टाकीजवळ नेला, सवयीने काचेला टेकवला, आणि थांबल्या. मग हात वर उचलला.  आणखी वर. पाणी आदळलं तसे त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आवाज होतोय गं."

"होऊ द्या, बाई."

"यापुढे रोज मीच ओतणार. हात दुखला तरी मीच. माझं प्रायश्चित्त हेच."

"उपवासाच्या बदली ना?" मी विचारलं. मला पक्कं करून घ्यायचं होतं.

बाईंनी खिडकीकडे बघितलं. "वाद घालत बसलीस तर सूर्य मावळेल. आयुषीला सांग, जेव म्हणावं. आणि ताटं घे."

मी धावत ताटं घेतली. घाईत माझ्या हातून कढी फरशीवर सांडली. सांडलेल्या अन्नावरून आयुष्यभर बोलणाऱ्या बाई या वेळी काही म्हणाल्या नाहीत. त्या जेवत होत्या.